डोक्याचा हललेला फोटो

परवा भाचीने तिच्या दवाखान्यातलं एमआरआय दाखवलं. आत पेशंटचं डोकं जरा हललं तर कॉम्प्युटर चित्र सावरून घेतो, चुंबकाच्या ताकदीत फरक पडला तर तोही जुळवून घेतो, असं ती कौतुकाने सांगत होती. मी म्हटलं, "आमच्याकडे असली दोन्ही कामं मीच करायची." ती हसली. मी गंमत करत नव्हते.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी एक्सरे काढायची. मशीन जुनं. डोक्याचा फोटो काढताना बटण दाबून अंमळ थांबावं लागे, आणि तेवढ्यात पेशंट हलला की हाडांच्या रेषा पुसट व्हायच्या. शिवाय मे महिन्यात घरोघरी कूलर लागले की व्होल्टेज पडायचं आणि फोटो फिका यायचा. मी आमच्या खोलीतला कूलर बंद करायची, मीटरचा काटा लाल खुणेवर आणायची आणि मगच बटण दाबायची. उकाड्याने जीव जायचा, पण माझे फोटो फिके येत नसत. मी लकडगंजात लाकडं कापणाऱ्या आरागिरणीच्या खडखडाटाशेजारी वाढलेली, त्यामुळे ओरडून बोलायची सवय होती आणि राग तर नाकावरच असायचा.

अशाच एका दुपारी सावनेरकडच्या कोळसा खाणीतला मजूर आला. खाणीच्या छताचा तुकडा डोक्यावर पडला होता. शुद्धीवर होता, बोलत होता, पण कवटीचं हाड आत दबलंय की नुसती चीर आहे, हे फोटोशिवाय कळणार नव्हतं. दबलं असेल तर त्याच दिवशी डोकं उघडायचं होतं. सर्जन तयारीत होते आणि त्याची बायको बाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती.

जखमेमुळे डोक्याला पट्टा आवळता येईना. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या, पडद्याआड गेले आणि नेहमीसारखं बजावलं, "भाऊ, डोकं हालवू नका, समजलं न?" लगेच बटण दाबलं. फोटो हललेला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मी भडकले आणि बाहेर जाऊन बायकोलाच विचारलं, की तुझा माणूस ऐकत का नाही.

"बाई, ते तं साऱ्याईचं आयकतेत," ती म्हणाली. "कोनाले नाई म्हनत नाई."

तिसऱ्या वेळी मी बटणावरचं बोट काढलं, काट्यावरची नजर काढली आणि पडद्याच्या काचेतून फक्त त्याच्याकडे पाहत म्हटलं, "समजलं न?" त्याने अदबीने मान डोलावली. बाईने विचारल्यावर होकार द्यायला नको? दोन्ही फोटो त्या होकाराने बिघडवले होते. होकार देऊ नका असं सांगितलं असतं, तर त्यालाही त्याने मान डोलावली असती.

मग जवळ जाऊन विचारलं, छत पडायच्या आधी खाणीत कळतं का.

"छत बोलते न बाई. आवाज आला का सारे जागच्या जागी उभे राहतेत, आयकतेत."

"हे मशीन बी बोलते," मी म्हटलं. "आधी घरघर करन, मंग टक् करन. टक् आयकू आलं का मले सांगा."

या वेळी "समजलं न" गिळून टाकलं. काटा खुणेवर येईपर्यंत थांबले आणि बटण दाबलं. तो कान देऊन पडला होता, डोकं तसूभरही हललं नाही.

"झालं टक्," तो म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं, की आधीचे फोटो तुमच्या मान डोलावण्याने गेले. तो ओशाळला.

फिल्म धुऊन बाहेर आणली. कवटीचा प्रत्येक सांधा स्वच्छ दिसत होता. एक बारीक चीर होती, पण हाड जागच्या जागी होतं. सर्जननी ओली फिल्म उजेडापुढे बराच वेळ धरली आणि म्हणाले, डोकं उघडायची गरज नाही, आणि फोटो असा हवा. माझी मान ताठ झाली. आजही होते, आणि का होऊ नये?

ते स्वतः आत जाऊन त्याला म्हणाले, ऑपरेशन नाही, काही दिवस पडून राहायचं, समजलं ना? दारातून ऐकणाऱ्या बायकोला रडू फुटलं. तो मात्र ताठ पडून राहिला आणि नुसते डोळे माझ्याकडे वळवले.

"बाई," तो म्हणाला, "आता मान हालवू काय?"