पाय त्याचा, माफीही त्याचीच

शुक्रवार होता. म्हापशाचा बाजार आटोपून बसस्टँडकडे निघालेली माणसं वाटेत आमच्या फार्मसीत शिरतात, त्यामुळे त्या दुपारी मला मान वर करायला फुरसत नसते. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला, तेव्हा कुठे मी घेतला. पलीकडे मुळगावची आते. "सुमे, विशू गेलो गे…" एवढंच म्हणाली. समोर एक बाई खोकल्याचं औषध मागत उभी होती. मी तिला बाटली काढून दिली, कसं घ्यायचं ते सांगितलं, आणि मग काउंटरमागे खाली बसले.

विशांत माझा आतेभाऊ, माझ्याहून एका वर्षाने धाकटा. साध्या तापाचं निमित्त झालं, ताप किडनीवर गेला आणि आठवड्याभरात सगळं संपलं. आता दीडेक महिना होईल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. विशूबद्दल वाईट बोलण्यासारखं फारसं नाहीच… तापट होता, हट्टी होता, इतकंच. पण जिवंत माणसांबद्दल असा काही नियम मी ऐकलेला नाही.

मे महिन्याच्या सुटीत मी पेडण्याहून मुळगावला आतेकडे जायची. संध्याकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं, हिंदीतलं. फुटबॉल खेळणाऱ्या एका पोराची गोष्ट. मैदान इतकं लांबलचक की धावता धावता पोरगा अख्खं बालपण आठवून घ्यायचा, तरी गोल यायचा नाही! त्याच्या पाठीवर सात आकडा, म्हणून आम्ही त्याला सात नंबरच म्हणायचो. भाग संपला की विशू अंगणात चेंडू घेऊन उतरायचा आणि मला दोन माडांच्या मधे गोलकीपर म्हणून उभं करायचा. माझ्या बोटांना सूज यायची. त्याचा खेळ मात्र खरोखरच वाढत गेला. अठराव्या वर्षी तो गावच्या संघात उजव्या बाजूने धावत होता आणि पणजीच्या एका क्लबाने त्याला निवड चाचणीला बोलावलं होतं.

चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तो सरावाहून सायकलने घरी येत होता. खाणीचा हंगाम चालू होता. एक खेप जास्त मिळावी म्हणून खनिज वाहणारे टिपर ट्रक एकमेकांना मागे टाकत पळायचे. त्यातल्याच एका टिपरने समोरच्याला मागे टाकताना विशूला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. टिपरचा मालक आमच्याच भागातला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण त्याला आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं. त्या दिवशी ड्रायव्हर आजारी होता आणि गाडी मालक स्वतः चालवत होता. विशूने काचेतून त्याचं तोंड पाहिलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मालकाने ड्रायव्हरलाच पुढे केलं. सिंधुदुर्गातून कामाला आलेला गरीब माणूस, त्याने मान खाली घालून "गाडयेर मीच होतंय" म्हटलं आणि प्रकरण मिटल्यावर गाव सोडून गेला. तिसरं कोणी पाहिलेलं नव्हतं. विशू इस्पितळातल्या खाटेवरून सांगत राहिला, "तो न्हय, मालक आशिल्लो." लोक त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. मुलाला धक्का बसलाय म्हणायचे.

त्यानंतर तो दोन वर्षं घराबाहेर पडला नाही. माझ्या नवऱ्याने त्याला मोबाइल दुरुस्ती शिकून घ्यायला लावली, त्याच सुमारास त्याला इंटरनेटवर कळलं की सात नंबरची गोष्ट संपलेली नाही. मूळ चित्रकथेच्या शेवटी सात नंबरचा पाय समोरच्या संघातल्या एकाने मुद्दाम मोडला होता, हे टीव्हीवर आम्हाला दाखवलंच नव्हतं. आता त्याच लेखकाने पुढची मालिका सुरू केली होती. तिच्यात सात नंबर मोठा झालेला, काठी टेकत बाकावर बसतो आणि आपल्या मुलीला खेळताना बघतो. ज्याने पाय मोडला तो आता बड्या क्लबाचा प्रशिक्षक आहे, मानाने मिरवतो. विशू इंग्रजीत निघणारा एकेक खंड कुरियरने मागवू लागला. जपानी पुस्तक मागून पुढे वाचायचं असतं, ते पाहून आते मला हळूच विचारायची, "सुमे, ह्याका सारकें दिसता मगो?" पहिली मालिका केव्हाच संपली होती, ही दुसरी तिच्या दुप्पट झाली तरी चालूच राहिली. विशूचं तरुणपण तिच्याबरोबरच सरलं.

ती वाचायला लागल्यावरच तो मैदानावर परत गेला. आपलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद केलं की प्लास्टिकची खुर्ची रेषेच्या अगदी कडेला टाकून बसायचा. कोणी नेमलेलं नव्हतं त्याला. जो खेळेल त्याच्यावर ओरडायचा, "उजवे वटेन कोण ना, पळय मरे!" पोरं आधी हसली, मग ऐकायला लागली. सामना नसला की तो त्यांना नव्या खंडाची गोष्ट सांगायचा, सगळ्यांचे आवाज काढून.

या मालिकेवर ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, दोनदा निघालं. पहिलं मध्येच बंद पडलं. काही वर्षांनी दुसऱ्या कंपनीने ते नव्याने केलं. विशूने महिनाभर आधीपासून घोषा लावला होता. मी रविवारी त्याच्याकडे गेले, आम्ही मोबाइलवर भाग लावला. चित्रं सुरेख, संगीत सुरेख. आणि मग एक प्रसंग आला, जो पुस्तकात कुठेच नव्हता. तो पाय मोडणारा माणूस सात नंबरच्या घरी येतो, रडतो, आणि सात नंबर त्याला माफ करतो. विशूने मोबाइल पालथा घातला. मी म्हटलं, "अरे, कार्टून ते. गोड शेवट लागतो लोकांना." तो इतका मोठ्याने बोलला की आते स्वयंपाकघरातून धावत आली. "पांय ताचो, आनी माफी हे दितले? हांकां कोणें विचारलें?" तो भाग त्याने पुढे कधीच पाहिला नाही.

मधे काही वर्षं खाणी बंद होत्या. मालकाचे टिपर शेताच्या कडेला रांगेने उभे होते, चाकांत गवत वाढलेलं. विशू मला म्हणायचा, "सुमे, स्कूटर काड, गंजिल्ल्यो गाडयो पळोवंक वचुया." आम्ही खरंच जायचो. तो मागे बसून एकेक टिपर डोळे भरून पाहायचा आणि घरी येताना खुशीत असायचा. या सुखाची मला कधी लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. पुढे खाणी थोड्याथोड्या सुरू झाल्या, मालक पुन्हा उभा राहिला. देवळाला मंडप, संघाला जर्सी, सगळीकडे पुढे पुढे.

विशूच्या बाराव्याला मालक आतेकडे आला. पांढरा शर्ट, बरोबर चार माणसं. सोप्यावर बसला आणि म्हणाला, "काकी, विशांत म्हणल्यार आमच्या गांवाचें भूषण. ताच्या नांवान फुटबॉलची टुर्नामेंट करूंया. कप म्हजो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आते रडेल. तिने पदर सावरला आणि शांतपणे विचारलं, "त्या दिसा गाडी कोण चलयतालो, तें सांग. मागीर कपाक नांव घाल."

मालक हात जोडून म्हणाला, "जुन्यो गजाली, काकी… आतां माफ करचें." आते म्हणाली, "माफ करपी गेलो. माका ताचो हक्क ना."

तरी त्याने स्पर्धा ठेवलीच. म्हापशाच्या रस्त्यापर्यंत बॅनर लागले. कोपऱ्यात विशूचा पासपोर्टएवढा फोटो आणि मधोमध हा, हात जोडून. मी रजा टाकली. विशूच्या खुर्चीसमोर खेळून वाढलेल्या पोरांच्या घरी गेले. कोणी गवंडी, कोणी बँकेत, दोघी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. बाराव्याला काय झालं ते मी सांगितलं, बाकी काही मागितलं नाही. सगळे ऐकून घेत होते, चहा देत होते. "बघू" म्हणत होते.

स्पर्धेच्या दिवशी खुर्च्या भरल्या होत्या. मालकाचं भाषण झालं, "माझा विशांत" असं तो तीन-चारदा म्हणाला. पहिला सामना गावच्याच दोन संघांचा. पंचाने शिटी वाजवली, आणि सगळे खेळाडू होते तिथे खाली बसले. चेंडू मधल्या ठिपक्यावर तसाच. पंचाने पुन्हा शिटी वाजवली. कोणी उठलं नाही. मग एका संघाचा कप्तान बसल्या जागेवरून ओरडला, "गाडी कोण चलयतालो?" एकदाच. प्रेक्षकांत कुठूनतरी तोच प्रश्न आला, मग दुसरीकडून, मग बायकांतून. मालकाने माइक हातात घेतला, तोंडाशी नेला आणि परत ठेवला. तो गाडीत बसून निघून गेला तेव्हा कप टेबलावरच राहिला होता… तो अजून पंचायतीत पडून आहे म्हणतात, कोणी न्यायला आलेलं नाही.

त्याने कबूल केलं नाही. करणारही नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता तो आतेच्या घरासमोरच्या रस्त्याने येत नाही, त्याचे टिपरसुद्धा वळसा घेऊन जातात. मला विचाराल तर एवढ्याने माझं समाधान झालेलं नाही.

गेल्या आठवड्यात आतेकडे कुरियर आलं. विशूने आधीच नोंदवून ठेवलेला नवा खंड. आतेने तो फोडला नव्हता, विशूच्या खाटेवर ठेवला होता. रविवारी मी गेले तेव्हा म्हणाली, "वाच." मी मागच्या पानापासून सुरुवात केली, इंग्रजीवरून जमेल तसं सांगत गेले. सामना चालू होता, सात नंबरची मुलगी चेंडू घेऊन निघाली होती, आणि त्या प्रशिक्षकाचा एक खेळाडू तिच्या पायावर धावून येत होता. आते जवळ सरकली, चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "हो ताचोच मगो?" मी हो म्हटलं. ती उठून उभी राहिली, आणि शेजारच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पांय मोडूं रे तुजो!"

मी तिला थांबवलं नाही. पान उलटलं.