ठिस्या, परसू आणि ती

कोणाचं व्यक्तिचित्र लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहितो त्याही भीतभीत. शिवाय जिच्याविषयी लिहितोय, तिचा मी सतत हेवा करत आलो. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोष्ट सुरू करण्याआधी ती ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि म्हणायची, "मंग काय झालं, मालूम?" अजून काहीच झालेलं नसायचं. तरी पोरं ओरडायची, "काय झालं?"

आम्ही दोघं भंडाऱ्यात एकाच वर्गात. रविवारी सकाळी एका लहानशा बालवाचनालयात पोरांना गोष्टी सांगायचो. ग्रीक वीरांचं इंग्रजी पुस्तक मीच कॉलेजच्या ग्रंथालयातून शोधून आणलं होतं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं होतं. तिनं ते मागून नेलं, वाचलं आणि लगेच परत केलं. म्हणाली, "मले हे नावं जमत नाई बाबा."

जमली नाहीत म्हणून तिनं ती बदलली. थिसियसचा ठिस्या झाला, पर्सियसचा परसू. भुलभुलैयातला बैलाच्या डोक्याचा राक्षस म्हणजे हेल्या. रेड्याला आमच्याकडे तसंच म्हणतात. तिचं घर कोष्ट्यांचं, दारात हातमाग. त्यामुळे वाट चुकू नये म्हणून राजकन्येनं ठिस्याला दिलेला धागा कोसा रेशमाचाच असणार.

"राजकन्या म्हणे, 'हा धागा साडीचा हाय. हेल्याले मारून झालं का नीट गुंडाळून वापस आणजो, नाई तं माय बोंबलन!'"

पोरं हसून लोळायची. मागे उभा राहून मीही हसायचो. मनात म्हणायचो, पुस्तक मी आणलं होतं.

माझी पाळी आली की मी सुरू करायचो, "त्या पराक्रमी वीराने आपली तलवार उपसली." ही भाषा मी कष्टानं कमावली होती. पहिल्या वर्षी तोंडातून 'मले' निघालं आणि वर्ग हसला. तेव्हापासून मी घरीसुद्धा 'मला' म्हणू लागलो. तिला कोणी हसलं की ती आणखी मोठ्यानं 'मले' म्हणायची. असं धैर्य माणसं कुठून आणतात, तुम्ही पाहिलं असेल तर सांगा.

पोरं तिला ताई म्हणत, मला सर. एकदा माझा पर्सियस डोक्यावर साप वळवळणाऱ्या बाईसमोर पोचला होता, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं हात वर केला. मला वाटलं, शंका असेल.

"सर, ताई कवा येते?"

एखाद्या पोरानं तरी मला 'आणखी सांगा' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं.

"तू सांगत नाईस ना," ती म्हणाली. "तू पेपर लिवून राहिला."

राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

यंदा, शेवटच्या वर्षी, तिचं लग्न झालं. सासरचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ती पुनर्वसनातल्या नव्या गावात नांदायला गेली. आता रविवार माझा, असं मला वाटलं, आणि बरंही वाटलं. पोरं हळूहळू यायची थांबली.

परवा तिचा दीर मला शोधत कॉलेजात आला.

"वैनी आमच्या पोट्ट्याइले गोष्टी सांगते. बुढे बी येऊन बसते आयकाले."

मी मान हलवली. आत कुठेतरी टोचलंच.

"पण एक गोष्ट अडकली. तो पैलवान नाई का, राजाचा गोठा साफ कराले नदीच वळवते? तं आमच्या एका बुढ्यानं इचारलं, नदी वळवली तं मधातल्या गावाइचं काय झालं? वैनीले सांगता नाई आलं. म्हणे, ह्या गोष्टी भंडाऱ्याच्या माह्या दोस्ताच्या हायेत, त्याले इचारून या."

त्याला बसवून मी ग्रंथालयातून ते पुस्तक पुन्हा काढलं. गोठा स्वच्छ झाला, राजा थक्क झाला. गावांबद्दल एक ओळ नाही.

इतकी पारायणं केली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कोणी मला विचारलाही नव्हता. विचारला तो तिला.