इथलं इथंच राहणार होतं

मैत्रिणींनो, चर्चमधून आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या तरुण संघाच्या पोरापोरींना घेऊन वैजापूरजवळ शिबिराला गेलो होतो. काल सगळे गोल करून बसलो, तेव्हा मी शब्द दिला, "इथं बोललेलं इथंच राहील." माझ्यासोबत शिबिर घेणारा सुहासदादाही म्हणाला, "व्हय, इथंच." मग सोळा वर्षांची रिबेका बोलली. तिचे पप्पा रोज पिऊन येतात. लई रडली पोरगी.

आज सकाळी परतलो ते थेट उपासनेला. प्रार्थनेच्या वेळी सुहासदादा उठला आणि मोठ्यानं म्हणाला, "प्रभू, आमच्या रिबेकाच्या पप्पांना दारूतून सोडव."

तिचे पप्पा पुढच्याच बाकावर बसलेले.

अख्खं चर्च म्हणालं, "आमेन." सवयीनं माझ्याही तोंडून निघालं. रिबेकानं वळून माझ्याकडंच पाहिलं.

बाहेर दादाला गाठलं तर म्हणतो, "अगं, प्रार्थनाच केली ना? चुगली थोडीच केली?"

चुगली डोळे मिटून केली की पवित्र होते का?

रिबेका पप्पांच्या मागं गाडीवर बसून घरी गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाय.

माझं आमेन तिनं ऐकलंय. तिच्या दारात आता कोणत्या तोंडानं जाऊ, तुम्हीच सांगा.