हिरवा मारू की लाल?

“नुसती हेल्मेट नकोत, शिकवणारी माणसं द्या!” आमच्या आंदोलनाच्या पत्रकावरची ही ओळ माझी. युद्धात हादरलेल्या इमारती राहण्याजोग्या आहेत का, हे तपासायला तिथलेच स्वयंसेवक जातात. त्यांना हेल्मेट मिळतं, टॅबलेट मिळतो. बघायचं काय, हे कुणी सांगत नाही. या गोष्टीचा मला संताप यायचा, अजूनही येतो. म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात मी जिच्याकडे राहते त्या ताईलाच कामाला लावलं. ताई स्ट्रक्चरल इंजिनिअर. तिनं ऑनलाइन वर्ग घेतला. तिचा अनुभव भूकंपाचा, म्हणून तिनं भूकंपाचंच शिकवलं: भिंतीवर फुलीसारखे तडे आहेत का, इमारत कललीय का ते बघा. असेल तर दारावर लाल रंग, नसेल तर हिरवा.

एका शनिवारी दुपारी पोहे खाताना वर्गातल्या एका बाईंचा व्हिडिओ कॉल आला. पूर्वी त्या शिक्षिका होत्या. आता त्यांची शाळाच उरलेली नाही. त्यांच्यामागे, तपासायच्या इमारतीच्या दाराशी, तिथेच राहणारी एक आई, दोन मुलं आणि गाद्यांचा ढीग.

“फुली नाही, कललेली नाही. हिरवा मारते,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “फक्त आत खांब आणि छताच्या मध्ये उजेडाची रेघ दिसते. चालेल ना?”

ताईनं प्लेट बाजूला सारली. “नको! लाल मारा. आणि आधी भिंतीपासून लांब व्हा.” मग मला मराठीत म्हणाली, “स्फोटानं स्लॅब खालून उचलला गेलाय गं. वर गेला आणि पुन्हा खांबावर आदळला, आता जोड तुटून नुसता टेकलाय. मी हे शिकवलंच नाही. मला सुचलंच नाही.”

“मग फोटो मागव ना, नीट बघ!”

“फोटोवरून काय बघू? तुझं पत्रक फार छान असतं, पण ते लावून छत तोलता येत नाही.”

इथे आमच्या गल्लीत कुणाच्या बाल्कनीला चीर गेली, तर खेमेंटेचा, म्हणजे नगरपालिकेचा माणूस टॉर्च घेऊन हजर होतो. वरून विमानं स्किपोल विमानतळावर उतरत होती.

बाईंनी लाल रंग मारला. त्या आईनं काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, “ती विचारतेय, मग झोपायचं कुठे?”

ताईनं माझ्याकडे बघितलं. आंदोलन माझं, उत्तरही माझ्याकडेच असायला हवं होतं. मग त्या आईनं गादी उचलली आणि लाल दारातून आत गेली. मुलं मागोमाग.

“अहो, थांबवा तिला!” मी ओरडले.

“कशी? हात धरून?” बाई चिडल्या. “पोरांना थंडीत उभं करून? ते शिकवलंत का तुम्ही?”

कॉल चालूच होता. ताईनं हळूच विचारलं, “लाल दारापुढे माणसांना कसं थांबवायचं, हे कुणाला शिकवता येतं गं? आहे का तुझ्या ओळखीत कुणी?”

मी फोनमध्ये नावं शोधत राहिले. एकही सापडलं नाही. पडद्यावर बाई दाराशी उभ्या राहून आतल्या आईला हाका मारत होत्या, आणि आतून गादी अंथरल्याचा आवाज येत होता.