शकुनच्या स्कॉलरशिपचे कागद

धानाच्या रोवणीले वाकलेल्या बायांचे हात चिखलात अन् तोंड गावभर. पऱ्ह्याची, म्हणजे रोपाची, एक पेंडी सुटली की दुसरी हातात येते, तशाच गोष्टी. त्यातल्या माझ्या पोरीच्या, शकुनच्या तेवढ्या सांगते.

पोलिओनं तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले. मी तिले पाठीवर घेऊन शाळेत नेली, मंग साकोलीहून मोटारीत बसवली. नागपूरले वकिली शिकली, ते नव्वद साल होतं. त्याच्यापुढं शिकाचं त स्कॉलरशिप पाहिजे होती. नाही भेटली, त घरीच बसणं.

*

सुटीत आम्ही रोवत असलो की शकुन धुऱ्यावर, बांधावर बसून पुस्तक वाचे. एक दिवस तिनं वाचलं, कायद्यापुढं सारे सारखे. आमच्यातल्या अनुसयेनं कंबर सरळ केली.

"सारे सारखे, त मालक छत्री घेऊन काहून उभा हाये?"

मालक तिथंच होता! त्यानं छत्री मिटली. भर पावसात भिजला, पण रोवणी होईपर्यंत उघडली नाही.

*

अनुसयाच एकदा म्हणे, "वकील झाली न पोरी, आता आणखी काय शिकाचं राह्यलं?"

"अपंगांच्या हक्काचा कायदा, मावशी."

"असा कायदा हाये?"

"नाही न. म्हणून त शिकाचं हाये."



*

स्कॉलरशिपच्या फार्माले वर्तणुकीचा दाखला लागे. पोलीस पाटील भला माणूस. त्यानं मन लावून लिहिलं, 'मुलगी सुशील असून घराबाहेर पडत नाही.' आमच्याकडं पोरीची याच्याहून मोठी तारीफ नाही!

शकुननं कागद परत केला. "पाटीलकाका, असं लिवा, रोज घराबाहेर पडते."

पाटलानं माझ्याकडं पाह्यलं. "वहिनी, हे लिवलं त पोरीचं लगन नाही जमणार!"

"आतापर्यंत कोणी विचारलं काय, पाटील?"

पाटलानं नवा कागद घेतला.

*

अपंग असल्याचा दाखला दरसाल नवा लागे. भंडाऱ्याले डॉक्टरले म्हटलं, "मागच्या साली त दिला होता."

"तो जुना झाला, बाई."

"दाखला जुना होते, साहेब. पाय नवे होतात काय?"

डॉक्टर हसले नाही. शिक्का मारता मारता म्हणाले, "पुढच्या साली लवकर ये, माय. गर्दी राहते."

*

मंग नागपूरले मुलाखत. ऑफिस दुसऱ्या माळ्यावर. मी तिले पाठीवर घ्याले नेहमीसारखी वाकली, त शिपाई आडवा आला.

"फक्त उमेदवारानं वर जायचं. सोबतचे खाली."

"तिचे पाय चालत नाही गा, बाप्पा!"

"नियम हाये, मावशी. शेवटचा नंबर झाला की मुलाखती बंद."

शकुन पायरीवर बसली, चिठ्ठी लिहिली अन् शिपायाजवळ वर धाडली. 'मी हजर आहे. समितीची वाट पाहत आहे.'

मी म्हटलं, "पोरी, साहेब चिडतीन न!"

"चिडतीन, माय. पण उतरतीन."

बऱ्याच वेळानं बूट वाजले. तीन साहेब उतरले. सगळ्यात म्हातारा कठडा धरून, धापा टाकत आला अन् तिच्याच पायरीवर बसला.

"बोल बाई, तुझ्या अभ्यासाचा विषय काय?"

शकुननं पाण्याचा गडवा पुढं केला. "पहिले दम घ्या, साहेब. विषय तुम्ही आताच उतरून आले."

साहेबानं वळून जिना पाहिला, पार वरपर्यंत. मंग शिपायाले म्हणाला, "हिचा फार्म अन् माझा पेन खाली आण."