कापूसबाजारातला सहावा ग्रह

अकोल्याला बदली झाली तेव्हा गाव निवांत आहे, असं मला सांगितलं होतं. सांगणाऱ्याने गाव पाहिलं असणार ते अमेरिकेतली लढाई पेटण्याआधी. तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे वऱ्हाडात माणसांना दुसरं काही सुचेनासं झालं. न्हाव्यापुढे बसावं तर कापूस, देवळात जावं तर कापूस. अमरावतीहून एखादा दलाल आला की अकोल्याचे दलाल त्याच्या मागे धावत आणि त्यांच्यामागे माझे विद्यार्थी. वेचणीच्या दिवसांत तर ते शाळेला तोंडसुद्धा दाखवत नसत.

शाळा कापूसबाजाराला लागून, धाब्याच्या एका लांबट खोलीत भरायची. खोली बाजारातल्या एका कापूसवाल्या शेठची. भाव चढण्यापूर्वी त्याने ती मोठ्या मनाने शाळेला दिली होती. आता ते मोठं मन त्याला बोचू लागलं होतं. अधूनमधून तो दारात येऊन उभा राही आणि मुलांच्या डोक्यांवरून भिंतींकडे बघत बसे. तिथे कापसाच्या किती गठाणी मावतील याचा हा अंदाज चालला आहे, हे मुलांनाही कळायचं.

"मास्तर," तो म्हणायचा, "पोरं त झाडाखाली बी शिकतात. कापूस झाडाखाली ठेवला त भिजते."

मी वर कळवलं. उत्तर आलं की जागा शेठची आहे, तो देईल तोवर शाळा भरवावी. म्हणजे खोली गेली की शाळा गेली. गावात दुसरी रिकामी खोली नव्हती, गोठेसुद्धा कापसाने भरलेले. माझी बदली झाली असती आणि मी सुटलो असतो. पण जी थोडी पोरं अजून माझ्यापुढे पाटी घेऊन बसत होती ती बैलांमागे गेली असती ती कायमची, आणि ते मला सहन होण्यासारखं नव्हतं.

याच सुमारास भूगोलाच्या पुस्तकातला सूर्यमालेचा धडा आला. पुस्तकातलं चित्र पाहून मुलं म्हणाली, हे लाडू मांडलेत. तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि शाळेपुढच्या मोकळ्या जागेत सूर्यमाला मांडायचं ठरवलं. कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

दाराशी सूर्य म्हणून फुटक्या जात्याची तळी ठेवली, पिवळ्या मातीने सारवून. सूर्य हा ग्रह नव्हे, तो तारा. पृथ्वीएवढे लाखो गोळे त्यात मावतील, हे तोंडाने सांगितलं, कारण एवढं मोठं जातं अकोल्यात मिळत नाही. मग बुध म्हणून लिंबाएवढा खडा, मग शुक्र, मग आपली पृथ्वी आणि तिच्याजवळ चंद्र म्हणून एक सरकी. मग गेरू फासलेला मंगळ, मग चांगला थोराड गुरू. सहावा शनी. त्याच्याभोवती कडी असतात, म्हणून मी एक काळा गोटा निवडला आणि मोडक्या बैलबंडीच्या चाकाच्या मध्यावरून निघालेली लोखंडी कडी त्याला घट्ट बसवली. तो आला थेट रस्त्याच्या कडेला. त्याच्यापलीकडे आणखी दोन ग्रह आहेत, पण ते समोरच्या दलालाच्या ओट्याखाली आले असते, म्हणून त्यांची नुसती नावं सांगितली.

मुलांना धडा समजला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. एकाला जात्यावर सूर्य करून बसवलं आणि दुसऱ्याला पृथ्वी करून त्याच्याभोवती फिरवलं. स्वतःभोवती एक गिरकी म्हणजे एक दिवस, सूर्याभोवती पूर्ण फेरी म्हणजे एक वर्ष. पृथ्वी झालेला मुलगा चक्कर येऊन मंगळावर पडला, पण समजून पडला. अडचण मुलांची नव्हतीच. बाजारात बंड्या घेऊन आलेले लोक भोवती जमले, ती अडचण.

"सूर्य मधात कावून बसवला, मास्तर?"

"कारण तो मध्येच आहे. पृथ्वी त्याच्याभोवती फिरते."

"पृथ्वी फिरते त माही बंडी उभ्या उभ्या मुंबईले कावून पोचत नाई?"

मी समजावलं की बंडी, बैल, बाजार, मुंबई, सगळे मिळूनच फिरतात, म्हणून कळत नाही. तो म्हणाला, "मंग फिरून फायदा का?" तेवढ्यात दुसऱ्याने ग्रह मोजून मला पकडलं. ग्रह नऊ, हे त्याला जन्मापासून ठाऊक. राहू-केतू कुठे आहेत? मी सांगितलं की राहू-केतू हे गोळे नव्हेत. आकाशातली सूर्याची वाट आणि चंद्राची वाट जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन जागा, आणि ग्रहण म्हणजे निव्वळ सावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे तुमाले सापडले नाईत," तो म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

पुढच्या शनिवारी सकाळी येऊन पाहतो तर सहाव्या ग्रहावर तेल. त्यावर उडीद, वर रुईच्या पानांची माळ. काळा दगड, त्याला लोखंड, आणि तोही उघड्यावर. शनी असाच असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आणि मला सुचू नये? "मास्तरनं शनी बसवला" ही बातमी बाजारभर झाली होती. मी गोटा राखेने घासून काढला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेल, शिवाय नारळ. तेल ओतणाऱ्यांना मी हात जोडून सांगितलं की बाबांनो, हा शाळेचा दगड आहे. त्यांनी माझे जोडलेले हात पाहिले आणि समाधानाने निघून गेले.

मग एके दिवशी शेठ भरल्या बंड्या घेऊनच आला. खोली आजच हवी होती. मुलं दप्तरं पोटाशी धरून उभी राहिली. पहिली बंडी वळली आणि शनीपाशी येऊन थांबली, कारण खोलीकडे जायची वाट त्याच्यावरूनच होती.

"बाजूले सरकव तो गोटा," शेठ म्हणाला.

"तुमी सरकवा शेठ," बंडीवाला म्हणाला. "मले लेकरंबाळं हायेत."

शेठने सोबतच्या मुनीमाकडे पाहिलं, मुनीमाने माझ्याकडे. मी म्हणालो, "मी हात लावणार नाही. धडा संपलेला नाही." भाव चढा असताना शनीला जागेवरून हलवायची शेठची छाती झाली नाही. बंड्या परत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मी इतका चिडलो होतो की त्या दिवशी मुलांना पुन्हा पहिल्यापासून सगळे ग्रह म्हणायला लावले.

पुढे लढाई संपली आणि भाव कोसळला. दलाल पांगले. लोकांनी माझ्या शनीवर राग धरला. एवढं तेल पाजूनही त्याने काही केलं नाही म्हणे. शनिवार कोरडे जाऊ लागले. गोटा पुन्हा गोटा झाला आणि मी सुखावलो. पण शेठचा न विकलेला कापूस तसाच पडून होता आणि आता तो ठेवायला जागा आणखीच हवी होती. एका शुक्रवारी मुनीम दोरी घेऊन आला, खोली मोजली, जाताना गोट्यापाशी थांबला. त्याने बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं निघालं.

"आता कोणी येत नाई वाटते," तो म्हणाला. "सकाळी बंड्या आणतो."

सकाळी घरातून तिळाच्या तेलाची वाटी घेऊन निघालो तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, हे कुणासाठी?"

"सहाव्या ग्रहासाठी."

ती हसली नाही. तिने आतून मूठभर उडीद आणून माझ्या हातावर ठेवले.

मी ते तेल ओतलं. ओततानाही तोंडाने बडबडत होतो, की तू एक गोळा आहेस, तुला सूर्याभोवती एक फेरी घालायला तीसएक वर्षं लागतात, तुला अकोल्याशी काहीही देणंघेणं नाही. तेल कडीवरून ओघळून मातीत उतरलं. रुईची माळही घातली. मग आत जाऊन मुलांना पाट्या काढायला लावल्या आणि शुद्धलेखन सांगितलं: शनी हा सूर्यापासून सहावा ग्रह आहे आणि तो कोणाचंही बरंवाईट करीत नाही. मुलं खाली मान घालून लिहू लागली. मी दारातून बाहेर पाहिलं. भरल्या बंड्या रस्त्यावरच थांबल्या होत्या आणि मुनीम गोट्यापुढे चपला काढत होता.