काठाची उलटी बाजू

माझे वडील समुद्रापलीकडच्या मोरस बेटावर गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. त्यामुळे त्यांची माझी ओळख झाली ती लोकांच्या तोंडून. वडगावात आमचा माग होता. गिरणीचं कापड आलं, लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, थोरल्या भावाशी रोज वाजू लागलं. मग एक दिवस साखरेच्या बेटावर उसाच्या कामाला माणसं नेणाऱ्या मुकादमाला त्यांनी पाच वर्षांच्या करारावर अंगठा देऊन टाकला. बेळगुंदीच्या एका गाडीवानाच्या गाडीतून ते घाट उतरून वेंगुर्ल्याला गेले आणि तिथून बोटीनं पुढं. "पाच वरसांत येतो," एवढंच आईला सांगून गेले. आधी कुणाकुणाच्या तोंडी निरोप आले, मग तेही थांबले.

पांढरी साखर तिकडूनच येई म्हणून आमच्याकडं साखरेलाच मोरस म्हणत. आईनं ती घरात कधी आणली नाही. पाहुणा कितीही मोठा असो, त्याला गूळच. "सवतीला घरात कशाला घेऊ?" असं म्हणून ती हसायची. पण ते हसणं मला आवडत नसे.

आमच्यात बायका सूत उकलतात, कांड्या भरतात. मागावर बसायचं ते पुरुषानं. आई मागावर बसली. लोकांनी नावं ठेवली, पण तिनं धोटा सोडला नाही. घरात आम्ही दोघीच, आणि दिवसभर मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज. संध्याकाळी शेजारच्या पोरींना त्यांचे बाप हाक मारायचे. मी दारात उभी राहून ऐकायची. आपल्याला अशी हाक आली असती तर ती जाड आवाजात आली असती की बारीक, हे मला ठरवता येत नसे.

मोठी साथ येऊन गेली त्याच्या पुढच्याच वर्षी मला निपाणीचं स्थळ आलं. मुलगा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. बोलणी झाल्यावर त्यांच्याकडच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरीचा बाप हाय म्हणायचा का न्हाय?" बारा वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, अशी आमच्यात रीत. मग चुलता कन्यादानाला मोकळा. पंच बसले. आई म्हणाली, "माझं मन सांगत न्हाय."

"मन ऱ्हाऊ दे, पोरीकडं बघ," माझे चुलते, थोरले आप्पा म्हणाले.

गाव करील ते राव काय करील, तिथं माझी आई काय करणार? थोरल्या आप्पांनी त्या पानांच्या माणसाला अग्नी दिला. पानं ओली होती, धूरच फार झाला. आईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. सुतक फिटल्यावर तिनं मागावर अर्धं राहिलेलं माझ्या लग्नाचं लुगडं पुरं केलं आणि मला निपाणीला पाठवून दिलं.

पुढं माझा संसार झाला, मुलं झाली. आई वडगावात एकटीच राहिली. किती बोलावलं तरी यायची नाही. "माग कोण बघंल?" म्हणायची. मग तिची नजर गेली आणि मागही थांबला. असंच एकदा भेटायला गेले होते. माझा हात धरून ती म्हणाली, "मला एकच कळू दे गं. माझं कुंकू पुसलं तवा ते जित्ते हुते का न्हाय? न्हवते म्हणालीस तरी चालंल. पर कळू दे."

तेव्हापासून मी शोधाला लागले. नवरा म्हणायचा, समुद्रात पडलेली सुई शोधतेस. म्हणू दे, ज्याचं जळतं त्याला कळतं. सांबऱ्यात एकजण बेटावरून आलाय म्हणून कळलं, तर गेले. तो बिचारा वेंगुर्ल्याच्या बंदरावरूनच भिऊन परतलेला, पण बेटाचं वर्णन मात्र असं करायचा की ऐकत बसावं. शेवटी काकतीला खरा माणूस भेटला. म्हातारा झाला होता, उसाच्या पात्यांनी कापलेल्या हातांवरचे वण अजून होते.

"वडगावचा इणकर न्हवं? तिसरा करार संपवून आमी एकाच बोटीनं आलतो की," तो म्हणाला. "वेंगुर्ल्यात मी तापानं पडलो, त्यो फुडं गेला. बेळगुंदीच्या गाडीवानाकडं उतरतो म्हणालता."

ते कधी, असं विचारलं. साथीच्या वर्षानंतरचा दुसरा उन्हाळा, म्हणाला. म्हणजे माझ्या लग्नाच्या पुढचा उन्हाळा. आईच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं होतं, पण तेवढ्यावर मला परतवेना.

गाडीवान अजून होता, गोठ्याच्या सावलीत बसलेला. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं मला जवळ बसवून घेतलं. "सांगणार न्हाय म्हणून बैलांच्या शिंगांना हात लावून शपथ घेतलती. आता ती बैलंबी गेली, म्हणून सांगतो. आलता तुझा बाप. त्याचे दिवस घातले, तुला निपाणीला दिली, हे माझ्याच तोंडनं कळलं त्याला. घरात ये म्हटलं तर उंबरा ओलांडंना. 'मेलेला माणूस मी, तुझ्या घराला कशाला बाधा?' म्हणाला. गोठ्यात बसूनच जेवला."

"पुन्हा जन्मल्याचा विधी करून घरात घेतात की," मी म्हणाले.

"मीबी तेच सांगितलं. तर म्हणाला, पोर नवी नवरी हाय. मेलेला बाप दारात उभा ऱ्हायला म्हटल्यावर सासरची तिला नांदवतील व्हय? निपाणीला जाऊन लांबनं तोंड बघतो, म्हणाला. बघून आला, आन् माझ्याच गाडीतनं परत वेंगुर्ला."

आणि मला ती दुपार आठवली. लग्नातलं लुगडं धुऊन मी अंगणात दोरीवर घातलं होतं. कोट घातलेला एक काळा माणूस कुंपणाशी आला, पाणी मागितलं. पायरी चढला नाही. मी तांब्यानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पिऊन झाल्यावर त्यानं लुगड्याचा काठ उलटा करून बघितला. विणकर नेहमी उलटीच बाजू बघतो. "कुणी इणलं?" म्हणाला. आईनं, म्हटलं. "बेस हाय. एक तार चुकलीया," म्हणाला आणि गेला. माझ्या आईच्या कामाला नावं ठेवली म्हणून मी दिवसभर फणफणत होते. आवाज जाड होता की बारीक, तेवढं मात्र आठवत नाही.

बेळगुंदीहून येताना मी रडले, आणि नंतर मला राग आला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. हा माणूस लोकांच्या तोंडाला भ्याला. माझं भलं बघून गेला म्हणे! मला विचारलं असतं तर मी सासर सोडलं असतं. निदान आज तरी मला तसं वाटतं.

आईला मी सगळं सांगितलं. जिवंत होते, आले होते, परत गेले. ती ऐकत होती. तारेचं सांगितलं तेव्हा मात्र तिनं मान वर केली.

"सुतक फिटलं त्या दिवशी मागावर बसले," ती म्हणाली. "डोळं भरलेलं. तार चुकली, पर उकलायला जीव झाला न्हाय. आप्पांना दिसली न्हाय, तुझ्या सासरच्यांना न्हाय, तुलाबी न्हाय. त्येंना दिसली व्हय!"

पुढच्या खेपेला तिनं ते लुगडं आणायला लावलं. काठ उलटा करून ती बोटांनी चाचपत पुढं सरकत गेली. एका जागी तिचं बोट थांबलं. मी चहा केला, तो निवून गेला, तरी तिनं बोट तिथून उचललं नाही.